देवराई, तळं, डोंगरवाट : गावच्या कामाला सरकारी निधी मिळवताना

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला देवराई आहे, तिच्या खाली तळं, आणि तळ्याच्या बांधावरून डोंगराच्या सोंडेवर चढणारी जुनी गुरवाट. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागायला लागली, तशी गावात दोन मतं पडली. निम्म्या गावाला तिथं वडापावच्या टपऱ्या टाकायच्या होत्या, निम्म्या गावाला फाटक लावून सगळ्यांना माघारी धाडायचं होतं. शेवटी ठरलं ते असं : देवराईला दगडी गडगा, तळ्यातला गाळ, वाटेची दुरुस्ती, दोन शौचालयं आणि चार माहितीफलक. पैसे सरकारकडून आणायचे. वर्षभराचं काम आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. तीन वर्षं लागली. त्यातलं निदान दीड वर्ष निव्वळ आमच्या अडाणीपणात गेलं. ते दीड वर्ष तुमचं वाचावं, म्हणून हे लिहितोय.

सांगतोय ते महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींपुरतं. नगरपालिका-महापालिकांची वाट वेगळी आहे, तिच्यात मी कधी गेलो नाही.

१. सगळ्यात आधी, जमीन कुणाची?

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळे इथंच आपटतात. तुमची कल्पना कितीही चांगली असली तरी निधी गट नंबरला मिळतो. ज्या खात्याची जमीन, तेच खातं तिच्यावर खर्च करणार किंवा निदान ना-हरकत देणार.

सातबारा काढा. त्यावर ‘महाराष्ट्र शासन’ दिसलं म्हणून खूश होऊ नका. शासन म्हणजे नेमकं कोण? महसूल, वन, जिल्हा परिषद, पाटबंधारे? उताऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. गायरान, गुरचरण, राखीव वन, संरक्षित वन, देवस्थान इनाम, सगळं तिथं सापडतं. कधीकधी मालकाच्या जागी खासगी माणसाचं नाव असतं आणि इतर हक्कात १९७५च्या खासगी वने संपादन कायद्याची नोंद असते. ती दिसली की वन विभागाला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. विदर्भातल्या मंडळींनी झुडपी जंगलाची नोंद आहे का तेही बघावं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच धरलं आहे, त्यामुळे ‘ती तर महसुलाची जागा’ हे जुनं उत्तर आता पुरणार नाही. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे बऱ्याच देवरायांच्या जमिनी देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत आहेत. तिथं समितीचं ना-हरकत पत्र आधी लागतं.

आमची चूक सांगतो. वाट गावठाणापासून सुरू होते, मधे गायरानातून जाते, म्हणून आम्ही सगळा प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे दिला. सात महिन्यांनी फाइल परत आली. वर पेन्सिलीने एकच ओळ : ‘वरचा भाग वनहद्दीत.’ शेवटचे दोनेकशे मीटर राखीव वनात होते आणि गावात कुणालाच ते ठाऊक नव्हतं, कारण तिथं गुरं पूर्वापार चरतात.

हे टाळायचं तर तलाठी भाऊसाहेब आणि बीटचा वनरक्षक या दोघांना एकाच दिवशी जागेवर न्या. (नव्या नावाने तलाठी ग्राम महसूल अधिकारी झालेत, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी, गावात मात्र तलाठी आणि ग्रामसेवकच म्हणतात, इथंही तेच म्हणतो.) एकेकट्याला नेलंत तर दोघं दोन वेगळ्या हद्दी दाखवतील. गाव नकाशा बरोबर ठेवा, वनहद्दीचे दगडी बुरूज शोधा आणि प्रत्येक बुरुजापाशी अक्षांश-रेखांश उमटणारा फोटो घ्या. आम्हाला तिसरा बुरूज करवंदीच्या जाळीत सापडला, वरचे दोन दगड ढासळलेले. त्या एका फोटोवर पुढच्या सगळ्या चर्चा मिटल्या.

जंगलाच्या जमिनीबद्दल दोन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवा. पहिली : १९८०चा वनसंवर्धन कायदा. २०२३च्या दुरुस्तीने त्याचं नाव बदललं, पण वनेतर वापराला केंद्राची पूर्वपरवानगी लागते हा गाभा तसाच आहे. दुसरी : वनहक्क कायद्याच्या कलम ३(२)खाली गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने, उपवनसंरक्षकांच्या पातळीवर मिळू शकते. ही सवलत तेरा प्रकारच्या कामांनाच आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, पिण्याचं पाणी, छोटे जलसाठे, समाजमंदिर वगैरे. मनोरा, पर्यटक निवास, ‘व्ह्यू पॉइंट’ त्यात नाहीत. ‘समाजमंदिर’ म्हणून मंजूर करून घेऊ आणि तंबू ठोकू, असा सल्ला देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

थोडक्यात, काम जंगलात असेल तर ते वन विभागाकडूनच करून घ्यायचं. गावाने मागणी करायची, यंत्रणा त्यांची.

तळं असेल तर ते कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. गावतळी, पाझर तलाव आणि शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव बहुतेक जिल्हा परिषदेकडे असतात. त्याहून मोठे मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. आणि मासेमारीचा ठेका चालू आहे का, हे आवर्जून विचारा! ठेका असलेल्या सोसायटीला न विचारता गाळ काढायला गेलात तर पहिला तक्रार अर्ज त्यांचाच येईल, आणि तो रास्त असेल.

किल्ला किंवा जुनं मंदिर संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याशिवाय पान हलत नाही. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीचं क्षेत्र. अभयारण्य, समुद्रकिनारा आणि अधिसूचित पाणथळ यांचे नियम आणखी निराळे आहेत. यातलं काही तुमच्या वाट्याला आलं असेल तर पहिल्या दिवशी त्या खात्याच्या दारात जा, शेवटच्या दिवशी नको.

२. समिती कागदावर असते, ती शोधून काढा

जैवविविधता कायदा २००२च्या कलम ४१प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती करावीच लागते. २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दिली, दंडाची भीती दाखवली, आणि गावोगाव घाईघाईने समित्या झाल्या, लोक जैवविविधता नोंदवह्याही झाल्या. त्यामुळे तुमच्या गावात समिती बहुधा आहेच, फक्त सदस्यांना ते माहीत नाही. आमच्या समितीत एक गृहस्थ होते, त्यांना मी सांगेपर्यंत आपण सदस्य आहोत याची कल्पना नव्हती. ग्रामसेवकांकडे नोंदवही मागा. उघडून बघा. शेजारच्या तालुक्यातल्या वनस्पतींची यादी तुमच्या गावाच्या नावावर चिकटवलेली असेल तर दचकू नका, दुरुस्त करून घ्या. देवराईतली झाडं, वेली, पक्षी, कुठली वनस्पती कोणत्या आजाराला वापरतात, हे म्हाताऱ्यांकडून लिहून घ्या. प्रस्तावाला जोडायला यापेक्षा वजनदार कागद नाही. नियमाप्रमाणे समितीत अध्यक्ष आणि स्थानिक संस्थेने नेमलेले सहा सदस्य असतात, त्यात एक तृतीयांश तरी महिला हव्यात.

दुसरी संयुक्त वन व्यवस्थापन समिती. वन विभागाचा पैसा गावाकडे येतो तो मुख्यतः हिच्यातून. अध्यक्ष गावातला, सचिव बहुतेक ठिकाणी वनरक्षक किंवा वनपाल, बँक खातं संयुक्त. खातं बंद पडलेलं असतं, सह्या बदललेल्या नसतात, जुना अध्यक्ष पुण्याला गेलेला असतो. हे आधी निस्तरा. निधी मंजूर झाल्यावर खातं सुरू करायला धावलात तर मार्च येतो.

गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तो २००९मध्ये मिळाला. अशा गावात ग्रामसभेने नेमलेली वनहक्क नियमांतली समिती जंगलाचा आराखडा स्वतः करते आणि निधी मागताना वन विभागाच्या पाठीमागे उभं राहावं लागत नाही.

३. ग्रामसभा आणि ठराव

कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणून कित्येक गावं मुद्दाम तहकूब सभेतच सगळं उरकतात. तुम्ही तसं करू नका. उद्या कुणी हरकत घेतली तर हजेरीपटावर २३ सह्या असलेला ठराव तुमच्या बाजूने फार बोलत नाही. आणि वनहक्काचा विषय असेल तर हा शॉर्टकट मुळात चालतच नाही. तिथं निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला.

ठरावाची भाषा मोघम नको. आमचा पहिला ठराव होता : ‘देवराई परिसराचे सुशोभीकरण करणे.’ या एका शब्दाने घात केला. सुशोभीकरण म्हटलं की सरकारी टेबलावर पेव्हर ब्लॉक, लॉन, रंगीत कारंजं आणि सिमेंटचा हत्ती, एवढंच चित्र उभं राहतं. दुसऱ्यांदा असा लिहिला :

‘मौजे ……, गट क्र. …… मधील गावतळ्यातील गाळ काढणे, गट क्र. …… मधील देवराईस कोरड्या दगडी बांधकामाचा गडगा घालणे व अस्तित्वातील पायवाटेची दुरुस्ती करणे या कामांस ही सभा मंजुरी देत आहे. देवराईत सिमेंट बांधकाम व विदेशी झाडांची लागवड करण्यात येऊ नये. काम पूर्ण झाल्यावर देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करील. सूचक …… अनुमोदक …… ठराव सर्वानुमते मंजूर.’

देखभालीचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर फाइल हमखास परत येते.

४. पैसा कुठल्या हेडमधून?

कार्यालयात कुणी ‘लेखाशीर्ष’ म्हणत नाही, ‘हेड’ म्हणतात. तुमच्या प्रकल्पाला एक हेड नसतं. आम्ही दोन वर्षं ‘आमच्या प्रकल्पाला निधी द्या’ म्हणत फिरलो. ज्या दिवशी प्रकल्पाचे चार तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला त्याचं हेड शोधलं, त्या दिवसापासून फाइल हलायला लागली.

मोठा दरवाजा म्हणजे जिल्हा वार्षिक योजना. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. यात वन, मृद व जलसंधारण, पर्यटन, नावीन्यपूर्ण योजना अशी वेगवेगळी हेडं असतात. पर्यटनाच्या पैशासाठी जागा आधी ‘क वर्ग’ पर्यटनस्थळ म्हणून घोषित व्हावी लागते, आणि ते काम हीच समिती करते. म्हणजे आधी दर्जाचा प्रस्ताव, मग कामाचा. दोन्ही एकत्र दिलेत तर दोन्ही अडकतात. मोठ्या कामांसाठी राज्याची प्रादेशिक पर्यटन विकास योजना आहे, पण तिथं आमदारांच्या शिफारशीशिवाय पहिल्यांदाच आलेल्या छोट्या गावाचा निभाव लागणं कठीण. हे माझं मत, खोटं ठरलं तर आनंदच आहे.

कॅम्पाबद्दल गैरसमज फार आहेत. जंगलाची जमीन धरणाला, खाणीला, रस्त्याला गेली की भरपाईचे पैसे जमा होतात, त्यांचा हा निधी. २०१६च्या कायद्याने त्यातला ९० टक्के वाटा राज्यांना मिळतो. ग्रामपंचायत त्याला थेट अर्ज करू शकत नाही. वन विभागाच्या वार्षिक कृती आराखड्यात काम बसलं तरच पैसा येतो. म्हणून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, म्हणजे रेंजर साहेबांना, आराखडा बनत असताना भेटा. बनून गेल्यावर तेही ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढंच म्हणू शकतात.

व्याघ्र प्रकल्पाच्या आत किंवा लगत असाल तर डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिचा पैसा ग्राम परिस्थितीय विकास समितीमार्फत येतो. पेसा गावांना, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना, ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि त्यात वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वन्यजीव पर्यटन हे खर्च स्पष्टपणे बसतात. पेसा गावातली मंडळी तरीही तो निधी गटारावर आणि सभामंडपावर संपवतात, हे बघून वाईट वाटतं. कांदळवन असलेल्या किनारपट्टीच्या गावांना कांदळवन कक्षाची उपजीविका योजना बघता येईल. तिथं लाभार्थ्यांनाही काही हिस्सा भरावा लागतो.

गाळासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सोपी पडते, कारण गाळ शेतकरी नेतात. शौचालय आणि कचऱ्याचं काम वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांपुरत्याच, निधीत बसतं. झाडं सामाजिक वनीकरणाकडून. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात चांगले गुण मिळाले तर बक्षिसाची रक्कम पर्यावरणाच्या कामाला वापरता येते, पण बक्षिसाच्या भरवशावर आराखडा करू नका.

एक सापळा. तेच काम दोन हेडमध्ये दाखवायचं नाही. ‘एकीकडून नाही झालं तर दुसरीकडून होईल’ म्हणून आमच्या एका उत्साही सदस्याने गाळाचं काम दोन खात्यांना दिलं. दोन्हीकडे मंजुरीच्या वाटेवर असताना कुणाच्या तरी लक्षात आलं आणि दोन्ही थांबलं. प्रत्येक फाइलला ‘सदर काम अन्य कोणत्याही योजनेतून घेतलेले नाही’ असा दाखला लागतो. त्याच्यावर ग्रामसेवकांची सही असते, म्हणजे अडकतात ते.

५. अंदाजपत्रक : रावसाहेबांबरोबर चालायला जा

अंदाजपत्रक कनिष्ठ अभियंता करतात, त्यांनाच आम्ही रावसाहेब म्हणतो. ते गाडी जाते तिथपर्यंत येतात, फोटो काढतात आणि मागच्या कामाचं अंदाजपत्रक थोडं बदलून तुमच्या नावाने देतात, ही शक्यता धरून चाला. त्यांचा दोष नाही, एकेकाकडे कितीतरी गावं असतात. आम्ही त्यांना सकाळी सातला बोलावलं, चहा पाजला आणि वाटेच्या शेवटपर्यंत नेलं. टेप एका पोराच्या हातात, वही माझ्या.

वर पोचल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘दगड इथं आणणार कसा?’’

‘‘डोक्यावरून, रावसाहेब. दुसरा मार्गच नाही.’’

‘‘मग ते आधी सांगायचं की!’’

हाच मुद्दा आहे. गाडी थांबते तिथून कामाच्या जागेपर्यंत माल माणसांनी वाहून न्यायचा असेल तर त्या वाहतुकीचा दर अंदाजपत्रकात स्वतंत्र धरावा लागतो. तो धरला नाही तर निविदा भरायला कुणी येत नाही, किंवा जो येतो तो खालचं सोपं काम करून वरचं सोडून जातो.

सिमेंट नको असेल तर तोंडी सांगून भागत नाही. कोरड्या दगडी बांधकामाचा दर सरकारी दरसूचीत आहे, ती बाब नावानिशी घालायला सांगा. अभियंत्याला दरसूचीत नसलेली वस्तू दिली की तो घाबरतो. दरसूचीतली दिली की लगेच लिहितो. बांबूचं कुंपण, लाकडी पाटी असलं काही हवं असेल तर तीन दरपत्रकं जोडावी लागतात.

आणखी एक ओळ प्रत्येक अंदाजपत्रकात गुपचूप बसलेली असते : ‘जागेची साफसफाई करणे.’ आम्ही ती वाचून सोडून दिली. कामाच्या पहिल्याच दिवशी ठेकेदाराचा जेसीबी आला आणि देवराईच्या कडेची कारवी आणि वावडिंगाच्या वेली तासाभरात ओरबाडून बाजूला झाल्या. त्याच्या दृष्टीने ते झुडूप होतं. बाबीत लिहिलेलं काम त्याने केलं होतं, भांडायला तोंडच नव्हतं. तुम्ही ती ओळ काढायला लावा, किंवा पुढे लिहून घ्या : ‘देवराईच्या हद्दीत यंत्राने सफाई करू नये.’

जीएसटी, फलकाचा खर्च, चाचण्यांचा खर्च धरलाय का तेही बघून घ्या.

६. फाइलला काय काय लागतं

खाती बदलली की यादी थोडी बदलते, पण एवढं तयार ठेवलंत तर धावपळ निम्मी होईल :

– अलीकडचा सातबारा, गाव नकाशाची प्रत आणि त्यावर कामाची जागा लाल पेनाने
– ग्रामसभेचा ठराव, हजेरीपटासह
– जमीनधारक खात्याचं ना-हरकत पत्र
– समितीच्या स्थापनेचा ठराव आणि बँक पासबुकाचं पहिलं पान
– अंदाजपत्रक आणि नकाशे, तांत्रिक मान्यतेसह
– काम अन्य योजनेतून न घेतल्याचा दाखला
– देखभाल-दुरुस्तीचं हमीपत्र
– अक्षांश-रेखांशासह सध्याचे फोटो
– जैवविविधता नोंदवहीतली संबंधित पानं
– लोकप्रतिनिधीचं शिफारसपत्र (सक्तीचं नाही, पण असू द्या)

सगळ्याचे तीन संच करा. एक द्यायचा, एक ग्रामपंचायतीत, एक घरी. दिलेल्या संचाच्या पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ‘साहेबांच्या हातात दिलंय’ याला पुराव्यात काही किंमत नाही.

७. कॅलेंडर

सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण तुमचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं. त्या सुमाराला पुढच्या वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा तयार व्हायला लागतो, जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरावर बैठका होतात, मार्चमध्ये अर्थसंकल्प. म्हणजे ऑक्टोबरपर्यंत तुमची मागणी संबंधित खात्याच्या टेबलावर हवी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करून मग कागद जमवायला निघालात तर उशीर झालाच. १५ ऑगस्टच्या सभेत ठराव उरका.

त्यानंतरचा क्रम असा : तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निधी वितरण, निविदा, कार्यारंभ आदेश. प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे पैसे आले, असं समजून आमच्या गावात फटाके वाजले होते. पैसे आठ महिन्यांनी आले, तेही पहिला हप्ताच.

यंत्रणा कोणती यावर घाई ठरते. जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्चायला पुढचं वर्षही मिळतं. वन विभागासारख्या राज्य यंत्रणेचा निधी मात्र ३१ मार्चला खर्ची पडला नाही की परत जातो. त्यामुळे वन विभागाचं काम दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवं. मधे निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवे कार्यारंभ आदेश थांबतात. येत्या वर्षात कुठली निवडणूक आहे ते बघून तारखा ठरवा.

फाइल कुठं आहे हे कुणीच सांगत नसेल तर आधी दोनदा जाऊन भेटा. तरीही पत्ता लागला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘प्रस्ताव मंजूर का झाला नाही’ असं विचारू नका. ‘आवक क्रमांक अमुक, या प्रस्तावावरील टिपणीच्या प्रती द्याव्यात’ असं मागा. पहिल्या प्रश्नाला उत्तर टाळता येतं, दुसऱ्याला कागद द्यावा लागतो.

८. काम चालू असताना

जागेवर कामाचा फलक लावून घ्या : योजनेचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत. एकाच जागेवरून, एकाच कोनातून फोटो काढा : आधी, मधे, नंतर. आम्ही त्यासाठी एका आंब्याच्या बुंध्याला चुन्याची खूण केली होती.

अंदाजपत्रकाची प्रत खिशात ठेवा. गडग्याची रुंदी, उंची स्वतः मोजा. मोजमाप पुस्तिकेत अभियंता लिहितात त्यावर बिल निघतं. एकदा ती नोंद झाली की तुमच्या तक्रारीला वेळ लागतो, आधी बोललात तर पाच मिनिटांत काम सुधारतं. ठेकेदाराशी गावातल्या एकाच माणसाने बोलायचं. आमच्याकडे पाच जण बोलत होते, पाच वेगवेगळ्या गोष्टी, आणि त्याला जी सोयीची ती तो ऐकायचा.

२८ मार्चला फोन येईल : ‘काम पूर्ण झाल्याचा दाखला द्या, नाहीतर निधी परत जाईल.’ अर्धवट कामावर सही करू नका. जेवढं झालं तेवढ्याचंच मोजमाप आणि बिल होऊ द्या.

९. पैसे संपल्यावर

सरकार बांधून देतं. झाडायला, राखायला, फलक पुसायला पैसे देत नाही. साताऱ्याच्या कास पठारावर स्थानिक गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांनी हंगामात प्रवेशशुल्क आणि दिवसाला ३००० माणसांची मर्यादा अशी घडी बसवली. तिथल्या राखणीचा पगार त्याच शुल्कातून निघतो. तुमच्याकडे एवढी गर्दी नसेल, नसलेलीच बरी, पण मॉडेल तेच. जंगलाच्या जमिनीवर शुल्क घ्यायचं तर संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत आणि उपवनसंरक्षकांच्या मंजुरीनेच. गायरानात किंवा तळ्यावर ग्रामपंचायतीच्या ठरावाने. झिपलाइन, रॅपलिंग असलं काही कुणी सुरू करायला आलं तर आधी साहसी पर्यटनाची नोंदणी मागा. अपघात झाला की पहिला प्रश्न जागेच्या मालकाला विचारतात.

शुल्क सुरू केलंत तर पावती पुस्तकं अनुक्रमांकासह छापून घ्या आणि कोणत्या तारखेला कुठलं पुस्तक कुणाला दिलं याची वेगळी वही ठेवा. आमच्याकडे पहिल्या हंगामात २०१ ते ३०० क्रमांकाचं पुस्तक हरवलं. कोरंच होतं म्हणे. लेखापरीक्षणात त्या शंभर पावत्यांचं शुल्क आम्ही सात जणांनी खिशातून भरलं, आणि पावसाळ्यानंतर ते पुस्तक तळ्याकाठच्या शौचालयाच्या माळ्यावर सापडलं. खरंच कोरं होतं.